मापट्यातला शेर आणि तराजूतला शेर



मी कऱ्हाडच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि शेजारीच, आगाशिवाच्या पायथ्याशी, मलकापुरात राहतो. आमच्या घरी धान्याच्या कोठीत एक पितळी मापटे आहे. ते आजीचे. काठ जरा चेपलेला, तळाला एक डाग दिलेला. आजी गेली, कणगी गेली, तिच्या जागी पत्र्याची कोठी आली. मापटे मात्र तिथेच राहिले. आजही घरात तांदूळ काढायचे ते त्यानेच.

गेल्या दिवाळीच्या आधी माझी मुलगी मोबाईलवर कसलीशी कृती पाहत होती. सगळी प्रमाणे ग्रॅममध्ये. तिने विचारले, "बाबा, आपलं हे मापटं म्हणजे किती ग्रॅम?" इतिहासाच्या माणसाला असा प्रश्न विचारला की त्याला आनंद होतो. मी ऐटीत सांगितले, "मापटे म्हणजे अर्धा शेर. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. तेव्हा मापटे झाले साधारण ४६६ ग्रॅम." पोरीने काही न बोलता मापटे तांदळाने भरले, वरून हात फिरवून सपाट केले आणि काट्यावर ओतले. काटा ७५० वर गेला.

आता चूक काट्याची नव्हती आणि आजीच्या मापट्याचीही नव्हती. चूक माझी होती. शेर नावाचे दोन वेगळे गृहस्थ आहेत आणि मी एकाचा पत्ता दुसऱ्याला दिला होता. एक शेर मापाचा, म्हणजे भांड्यात किती मावते ते सांगणारा. दुसरा शेर वजनाचा, म्हणजे तराजूत किती उतरते ते सांगणारा. आपल्या मुलखात हे दोघे कित्येक शतके एकाच नावाने नांदले. त्या दोघांची हकीकत आज आपल्यापुढे मांडायची आहे.

जुने मोडी कागद वाचताना धान्याच्या आकड्यापाशी वारंवार एक शब्द भेटतो: 'कैली'. म्हणजे मापाने मोजलेले. भात, ज्वारी, बाजरी, हरभरा हे सारे कैली. आणि गूळ, तूप, तेल यांच्यापाशी 'वजन'. कारकून हा भेद काटेकोरपणे लिहीत, कारण नुसते 'दोन मण' म्हटले तर त्यातून काहीच कळत नसे. कैली मण निराळा, वजनी मण निराळा. आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते, मीच विसरलो.

धान्य मापानेच का मोजत? खळ्यावर रास पडलेली असताना तिथे तराजू टांगायचा कशाला आणि खरी वजने आणायची कोठून? माप मात्र हाताशी असे. शिवाय मापाला अक्षर लागत नाही. काठापर्यंत भरले की नाही हे निरक्षर माणसालाही दिसते. आणि त्याची विभागणी पाहा: दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळा हिशेब निम्म्याचा आणि दुपटीचा. निम्मे करायला गणित येण्याची गरज नाही. दोन सारख्या भांड्यांत ओतले की झाले. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, ती याच व्यवहारासाठी. पायलीच्या वर मण आणि वीस मणांची खंडी. मणाच्या पायल्या किती, हे मात्र मुलखागणिक बदले.

खळ्यावरचे मोजणे हा एक सोहळाच असे. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. लाभ, मग दोन, मग तीन. माझ्या वडिलांनी हे लहानपणी ऐकलेले आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार आपापल्या वाट्यासाठी तिथे येत. मळणीची मजुरीही धान्यातच असे. तेव्हा माप कोणाच्या हातात आहे, या एका गोष्टीवर किती घरांचे वर्ष अवलंबून असेल, याचा विचार करा.

कारण मापात एक खोच आहे. तिचे नाव शीग. माप काठापर्यंत भरल्यावर त्यावर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो ती शीग. उत्साह शिगेला पोचला असे आपण म्हणतो ते इथूनच आले. हात फिरवून सपाट केलेले माप आणि शिगोशीग भरलेले माप यांत तोंड रुंद असेल तर मोठे अंतर पडते. मापटे तेच, शेर तोच, पण देताना सपाट आणि घेताना शिगेचे, एवढे केले की झाले! पावसाळ्यात गरजू कुणबी बी-बियाण्याला धान्य काढी आणि सुगीला दीडपटीने परत करी. त्याला वाढीदिढी म्हणत. दीडपट ही तर उघड बोललेली. शीग ही न बोललेली.

ही युक्ती आपल्याच सावकारांना सुचली असे मात्र समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, मापांचा अध्याय आहे. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. (आपले कोळवे आणि हा कुडव यांचे नाते असावे असे माझा कान सांगतो, पण ते भाषापंडितांवर सोपवू.) तिथे द्रोण ठरवला आहे तो वजनावरून: ज्यात २०० पळे उडीद मावतात तो द्रोण. पण हा झाला राजाच्या महसुलाचा द्रोण. बाजारातल्या व्यवहाराचा द्रोण साडेसत्त्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८७ १/२ पळांचा. नोकरचाकरांना धान्य द्यायचा द्रोण १७५ पळांचा. आणि अंतःपुरात द्यायचा १६२ १/२ पळांचा. घेताना मोठे माप, देताना धाकटे, आणि सर्वांत धाकटे घरातल्या बायकांसाठी! गुपचूप नव्हे, राज्यशास्त्राच्या ग्रंथात लिहून ठेवलेले.

पण त्यातली दुसरी गोष्टही ध्यानात घ्या. माप वजनावरून ठरवताना ग्रंथकाराने एकच धान्य निवडले, उडीद. उडदाऐवजी लाह्या भरल्या असत्या तर २०० पळे कधीच भरली नसती. मापाचे वजन करायचे तर आधी जिन्नस कोणता ते सांगा, हा नियम तेव्हाही ठाऊक होता.

आता वजनी शेराकडे वळू. हाही काही साधा नाही. आपल्याकडे जुना शेर ७२ टांकांचा. त्याचा आठवा हिस्सा म्हणजे नऊ टांक, म्हणून त्याचे नाव नवटाक. त्याच्या दुप्पट पावशेर, त्याच्या दुप्पट अच्छेर. पण टांक कोणता, यावर शेराचा जीव अवलंबून. मुंबईच्या बाजारात जो शेर चाले तो आजच्या हिशेबाने जेमतेम ३१७ ग्रॅमचा. बंगालकडचा, पुढे ज्याला पक्का म्हणू लागले तो, ९३३ ग्रॅमचा. जवळजवळ तिप्पट. मुंबईहून पत्र आले की 'शेरभर वेलदोडे पाठवा', तर पाठवणाऱ्याने काय करावे?

कंपनी सरकारने १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरवले आणि रुपयाही त्याच वजनाचा पाडला. त्यामुळे एक मोठी सोय झाली. ज्याच्या घरी चांदीचे रुपये होते त्याच्या घरी वजनेही आली. म्हणून जुन्या बायका 'रुपयाभार सुंठ' असे म्हणत. ८० रुपयांचा शेर, ४० शेरांचा मण. मुंबई इलाख्यासाठी १९३२ साली वजने-मापांचा कायदा झाला, साऱ्या हिंदुस्थानासाठी वजनांचा कायदा १९३९ साली झाला. कायदे झाले तरी गावोगावचे शेर काही एका रात्रीत सरळ झाले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली नवा कायदा आला. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅमची वजने बाजारात येऊ लागली. काही काळ दोन्ही चालली. १९६२ च्या एप्रिलपासून शेर आणि मण व्यवहारातून कायद्याने गेले. त्या चार वर्षांत शाळामास्तरांनी जे काम केले त्याची नोंद कोणी फारशी घेतलेली नाही. ९३३ ग्रॅमचा शेर, ३७ किलो ३२४ ग्रॅमचा मण, ही कोष्टके गावाला त्यांनीच समजावली. मीही ९३३ हा आकडा एका जुन्या मास्तरांकडूनच शिकलो. चूक आकड्यात नव्हती, तो कोणत्या शेराचा हे मी विसरलो यात होती.

मग पितळी मापटे का उरले? इथे खरी मौज आहे. कायद्याने दुकानदाराचा तराजू बदलला, वजनांवर शिक्का मारला, निरीक्षक नेमला. चुलीपाशी कोणी निरीक्षक गेला नाही. बाजार वजनी झाला आणि चूल कैलीच राहिली. त्या दिवसापासून आजतागायत आपल्या घरातल्या बाया रोज एक रूपांतर करीत आहेत. दुकानातून पाच किलो आणायचे, घरात मापट्याने काढायचे, आणि महिनाअखेर किती पुरेल हे सांगायचे. कागद नाही, पेन्सिल नाही. या हिशेबाला आपण हिशेब असे म्हणतच नाही, तो 'अंदाज' होतो. माझी आजी पायलीभर ज्वारीच्या भाकरी किती माणसांना किती दिवस पुरतील हे सांगे आणि तिचे चुकत नसे. तिला नुसते अंदाज बांधणारी म्हणणे मला आता बरे वाटत नाही.

चूल कैली राहिली, त्याला कारणही तसेच आहे. स्वयंपाक हा बहुतेक प्रमाणाचा खेळ. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ, अशी चकलीची भाजणी सांगितली की वाटी कोणतीही असो, एकच असली म्हणजे पुरे. भाताला तांदळाच्या दुप्पट पाणी, तेही त्याच भांड्याने. इथे ग्रॅमची गरजच काय?

आणि हे जाणून ज्यांनी पुस्तक लिहिले त्या आपल्याच भागातल्या. कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३ साली कुंडलचा. त्यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली निघाले, म्हणजे किलो कायद्याने पक्का होऊन आठ वर्षे झाल्यावर. सरकार किलो म्हणत होते आणि कमलाबाईंनी घराघरातल्या मुलींसाठी प्रमाणे दिली ती वाटी आणि चमचा यांची. हे मागासलेपण नव्हते. नवी नवरी शहरात दोन खोल्यांत संसार मांडते, तिच्याकडे तराजू नाही, वाटी आहे. हे त्यांनी ओळखले होते. ते पुस्तक घरोघरी गेले त्यात या वाटी-चमच्याचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

पण वाटी कुठे फसते, तेही सांगतो. आमच्याकडे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचे सामान घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणण्याची चाल आहे. माझ्या आत्याने एका वर्षी प्रमाण विचारून घेतले: किलोभर मैद्याला पाऊण किलो पिठीसाखर आणि पाऊण किलो तूप. आत्याने घरी येऊन ते आपल्या भाषेत उतरवले, चार वाट्या मैदा, तीन वाट्या साखर, तीन वाट्या तूप. साखर वाटीने मोजून मग दळली. पीठ सैल झाले म्हणून वर मूठभर रवा घातला. भट्टीतून पत्रा बाहेर आला तेव्हा त्यावर नानकटाया नव्हत्या, एकच एक चादर पसरली होती. आम्ही मुलांनी ती तोडून तोडून खाल्ली, ते सोडा.

काय झाले होते? ज्या वाटीत मैदा सव्वाशे ग्रॅम बसतो, तीत दाणेदार साखर दोनशे ग्रॅम बसते आणि तूप त्याहून थोडे अधिक. म्हणजे चार वाट्या मैदा झाला पाचशे ग्रॅम, त्याला साखर हवी होती पावणेचारशे, पडली सहाशे. तुपाचेही तेच. प्रमाणाचे आकडे तेच ठेवून किलोच्या जागी वाटी घातली की असे होते. कृती सगळी वाटीची असेल तर वाटीने करा, सगळी ग्रॅमची असेल तर ग्रॅमने करा. अर्धी इकडची, अर्धी तिकडची केली की चादर.

त्या दिवाळीला मुलीने आणि मी आजीचे मापटे एकेका जिन्नसाने भरून काट्यावर घातले. दर वेळी सपाट, शीग काढून. पाणी भरले ९०० ग्रॅम. तांदूळ ७५०, बाजरी ७२०, ज्वारी ६८५. ज्वारीचे पीठ चाळून हलक्या हाताने भरले तर ४५०, आणि तेच पीठ डब्यातून दाबून काढले तर साडेपाचशेच्या वर! जाडे पोहे तीनशेच्या आसपास. चुरमुरे पन्नास-साठ ग्रॅमपुढे गेले नाहीत. हे आमच्या मापट्याचे आकडे. आपले मापटे वेगळे असेल तर आकडेही वेगळे येतील. पण धान्य आणि पीठ यांतला फरक सगळीकडे असाच दिसेल. दाण्याचे माप विश्वासाचे, पिठाचे माप हाताच्या दाबावर.

शीग गेली असे मात्र कोणी समजू नये. गोडेतेलाची पिशवी आपण लिटरने घेतो आणि तेल पाण्याहून हलके, म्हणून लिटरची पिशवी किलोची नसते, सुमारे ९१० ग्रॅमची असते. इथवर ठीक. पण तेल तापले की फुगते. २१ अंशांना एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन सुमारे ९१९ ग्रॅम, आणि ६० अंशांना सुमारे ८९२ ग्रॅम. काही तेलवाले पिशवीवर लिटर लिहीत आणि बारीक अक्षरात ६० अंश तापमान लिहीत. आपल्या घरी तेल काही ६० अंशांना ठेवलेले नसते! २०२२ साली केंद्र सरकारने त्यांना सांगितले की तापमान न लिहिता माप द्या आणि वजनही लिहा. खळ्यावरची शीग डोळ्यांना तरी दिसत होती. ही वाचावी लागते. तेव्हा पिशवी घेताना लिटरच्या शेजारचा ग्रॅमचा आकडा वाचत चला.

आता जे शिक्षक हे ऐकत आहेत त्यांच्याशी दोन शब्द. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० आणि ३०, असे प्रमाण ठरलेले आहे. प्रमाण वजनी, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई काढतात डब्याने. त्यांचे चुकते असे मी म्हणत नाही. डब्याशिवाय ते काम उरकणारच नाही. पण तो डबा कोणी कधी काट्यावर घातला आहे का? समजा ८० मुले आहेत. आठ किलो तांदूळ हवा. डबा एक किलोचा समजून आठ डबे काढले आणि तो प्रत्यक्षात ९०० ग्रॅमचा निघाला, तर ८०० ग्रॅम कमी शिजले. दर मुलामागे दहा ग्रॅम. एका दिवशी ते कोणाला कळणार नाही. आणि उलट डबा मोठा असला तर महिन्याच्या आधीच पोते संपेल आणि बोल त्या ताईंना लागेल, ज्यांचा काही दोष नाही.

तेव्हा एका शनिवारी पाचवी-सहावीच्या मुलांना बरोबर घ्या. तो डबा तांदळाने भरा, पट्टीने काठ सपाट करा, काट्यावर घाला. एकदा नव्हे, पाच वेळा करा आणि पाचांची सरासरी काढा. मग डाळ भरून तसेच करा. शिगेसह एकदा करून पाहा, म्हणजे मुलांना शीग म्हणजे काय ते जन्मभर ध्यानात राहील. जो आकडा येईल तो डब्यावरच रंगाने लिहा: तांदूळ इतके ग्रॅम, डाळ इतके ग्रॅम. डबा बदलला की आकडाही बदला. जमल्यास मुलांना सांगा की घरी आजीचे चिपटे-मापटे असेल तर घेऊन या. दहा घरची दहा मापटी एका रांगेत ठेवून पाण्याने भरून मोजली तर कदाचित दहाही निराळी निघतील, आणि एकाच गावात किती शेर होते ते मुलांना माझ्यापेक्षा चांगले कळेल.

आमच्या कोठीच्या झाकणाला आतून मुलीने एक कागद चिकटवला आहे. जिन्नसांची नावे आणि पुढे ग्रॅम. तिच्या आईने तो वाचला आणि पिठाच्या आकड्यावर बोट ठेवून विचारले, "हे कोणी भरलं होतं? मी की तू?"